उभा राहिलेला प्रेक्षक

आमच्या भागातल्या एका दंतकथा झालेल्या दरोडेखोरावर मी एकपात्री प्रयोग करतो. परवा फौजदाराची टोपी घालून ओरडलो, "वस्तीवरचे पुरुष, उभे राहा!" आणि दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा खरंच उभा राहिला. त्या दरोडेखोराच्याच जमातीतला. लोक हसले.

"बस की म्हाताऱ्या, नाटक हाय," शेजारचा म्हणाला.

"सायबांनी सांगू दे."

मेलेला दरोडेखोर सगळ्यांचा लाडका असतो. पण गावात चोरी झाली की आजही आधी उचलतात ती त्याच्याच जमातीची माणसं. मी टोपी काढून म्हणालो, "बसा, आजोबा." तो हलला नाही. शेवटी टोपी परत चढवली आणि दरडावलं, "ए, बस खाली."

तेव्हा कुठे तो बसला.