जुन्नरी कागद आणि कारागिराला लावलेला टिळा

जुन्नरला जायचं ठरलं ते नसरीनच्या अम्मींमुळे. नसरीन माझी कॉलेजची मैत्रीण, माहेर जुन्नरचं, घराणं पिढीजात कागदी, म्हणजे हाताने कागद करणारं. अम्मींनी सासूचा कागद घोटून गुळगुळीत करायचा दगड तिथल्या एका नव्या खासगी संग्रहालयाला दिला होता. खाली सासूचं नाव लावू, असा शब्द मिळाला होता. ते नाव बघायचं होतं.

पुण्याहून लवकर निघा, नाहीतर चाकणला अडकलात म्हणून समजा. मंचरला झणझणीत मिसळ खाल्ली, रस्सा हवा तितका. नारायणगावहून जुन्नरकडे वळलो, तर नसरीनसोबत अम्मी ठेवणीतली साडी नेसून दारातच उभ्या. चहासुद्धा घेऊ देईनात.

संग्रहालयाचं तिकीट शंभर रुपये, फोटोचे वेगळे. कागदाच्या दालनात एक पुतळा: डोक्याला पगडी, कपाळावर ठसठशीत टिळा, हातात अम्मींचा दगड. स्पीकरवर गोष्ट चालू, की कुण्या शास्त्रीबुवांना कागदाची विद्या स्वप्नात मिळाली. स्वप्नात! खाली पाटी, ‘दगड, खासगी संग्रहातून’. माझं डोकंच फिरलं.

"घोटाई आमच्यात बायाच करायच्या," अम्मी हळूच म्हणाल्या. "सासूबाईंचा खांदा पार गेला व्हता त्यानं."

व्यवस्थापक आला. "आजी, ही कलात्मक मांडणी आहे. पब्लिकला गोष्ट लागते."

"मग आमची सांगा की! आमची काय वाईट व्हती?"

"लोकांना पटायला पाहिजे ना."

पटायला? अहो, कागदी आडनावाची माणसं आजही याच गावात राहतात, भाजी आणतात, दुकानं चालवतात! मी आवाज चढवला. नसरीनने माझा हात ओढला. "बास कर. तू संध्याकाळी पुण्याला जाशील. अम्मींना इथंच राहायचंय."

तेवढ्यात अम्मी दोरी ओलांडून आत गेल्या आणि पुतळ्याशेजारी मांडी घालून बसल्या. माणसं जमली. एका बाईने विचारलं, "आजी, तुम्ही पण शोमध्ये आहात का?"

"न्हाई. मी घरातली हाय. ह्यो दगड माझ्या सासूचा. मैमुनाबी तिचं नाव. म्हना."

बाई गोंधळली, पण म्हणाली. मागचे दोघेही म्हणाले. व्यवस्थापक "उठा, उठा" करत राहिला.

घरी येऊन आठवडा झाला, माझा राग काही उतरत नाही. संग्रहालयात फोन केला, पाटी तीच आहे. अम्मींना आता फाटकातूनच परत पाठवतात. तुम्हाला मात्र आत सोडतील. जा, रस्ता चांगला आहे. त्या पगडीवाल्यासमोर उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, मैमुनाबी.