तळवलीच्या काशिनाथची पहिली कॅसेट

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून सायबर कॅफेत बसून ग्रुपला हा मेल लिहितोय.

तळवलीचा काशिनाथ तुम्हाला आठवत असेल. स्वतः गावच्या बोलीत गाणी रचायचा, हळदीला गायचा. आपल्या जुईनगरच्या सोसायटीतही दोनदा गायला होता. कॅसेट कंपनीकडे बारा वर्षं खेटे घातल्यावर त्याची पहिली कॅसेट निघाली. कंपनीची अट एकच होती, भाषा शुद्ध करा. बिचाऱ्याने सगळी गाणी बदलली आणि तीन महिने घोकून पाठ केली.

आज त्याच्या घरी कॅसेट लावली. पहिलं गाणं संपल्यावर त्याच्या बायकोने, सुमनने, विचारलं, "यो गाना कोनाचा हाय?"

"तुजाच गं. आपले लग्नान केलेला."

"यो तो नाय. तो जुना बोल ना."

काशिनाथने टेप बंद करून गायला सुरुवात केली. तोंडात नवेच शब्द आले. चार वेळा तसंच झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गेला रं."

जुनं त्याने कधी लिहून ठेवलं नव्हतं. सुमनला फक्त चाल आठवते.

तुमच्यापैकी कोणाला त्यातली एखादी ओळ आठवतेय का? अर्धी असली तरी पाठवा.