श्रीनिवासरावांचा दर्या

श्रीनिवासराव कमी बोलत. ते का, हे सरोजिनीबाईंना लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनी कळलं.

तोवर त्यांचा समज असा की हा माणूस मुळातच अबोल. औरंगाबादच्या कलेक्टर कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं वाचायची, गंगापूर-वैजापूरकडून आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या आजोबाच्या नावावर कोणतं रान होतं ते शोधून सांगायचं, नक्कल करून द्यायची, की झालं. धुळीत बसणारी माणसं तोंड मिटूनच बसतात, असं सरोजिनीबाई गमतीनं म्हणत.

त्या स्वतः पुण्याच्या. कॉन्व्हेंटात शिकलेल्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. चूक दिसली की हात लाल पेनाकडे जायचा. घरात पेनाचं काम जिभेवर भागायचं.

नवं लग्न होतं तेव्हा श्रीनिवासराव कशावरून तरी म्हणाले, "मला मालूम नाही."

"ठाऊक नाही," सरोजिनीबाईंनी सुधारलं.

"ठाऊक नाही," ते गुणी विद्यार्थ्यासारखे म्हणाले.

हप्त्याचा आठवडा झाला, तकलीफीचा त्रास झाला, जल्दीची घाई झाली. एकदा सुधारलेला शब्द ते पुन्हा चुकत नसत. सरोजिनीबाईंना याचं फार कौतुक. त्यांनी ते मैत्रिणींना सांगितलंही होतं. मात्र सुधारलेल्या शब्दाच्या जागी पुष्कळदा नवा शब्द येत नाही, तिथं माणूस नुसता गप्प बसतो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एक शब्द मात्र त्यांच्या हातून सुटला, कारण तो त्यांना बरोबरच वाटला.

"एकदा दर्या बघायचाय," श्रीनिवासराव म्हणायचे. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी, जेवण झाल्यावर सुपारी कातरताना. "बोटीतून. बोटीतच जेवायचं, बोटीतच झोपायचं. खिडकीला पडदा."

मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला समुद्राचं अप्रूप असायचंच. सरोजिनीबाईंनी चौऱ्याहत्तर साली त्यांना अलिबागला नेलं. ते पँट दुमडून घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे." पुढं गणपतीपुळ्याला नेलं. तिथंही छान होतं. परत आल्यावर सहा महिने गेले की सुपारी कातरताना पुन्हा, एकदा दर्या बघायचाय.

मग बाईंच्या लक्षात आलं, की बोट राहिली. दोघंही निवृत्त झालेले, मूलबाळ नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. नव्याण्णव साली त्यांनी कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढली. पाच दिवस पाण्यावर. पहिला दिवस श्रीनिवासरावांनी ओकाऱ्या काढण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी ते कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. सगळीकडे पाणीच पाणी.

"याला दुसरा काठ नाही," ते म्हणाले.

"काठ नदीला असतो. समुद्राला किनारा," बाई म्हणाल्या.

"हो. किनारा." मग म्हणाले, "छान आहे."

त्या बोटीवरचा दोघांचा फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला गेला.

त्यानंतर पाचेक वर्षांनी श्रीनिवासराव दाराच्या चौकटींना धडकू लागले. तपासलं तर काचबिंदू, आणि तोही बराच पुढं गेलेला. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेली ती गेली. मधली आहे ती थेंबांवर राखायची. कसं दिसतं, असं विचारलं तर श्रीनिवासराव म्हणाले, "फुंकणीतून बघितल्यासारखं."

दोन हजार सात सालच्या दिवाळीत मुनीरभाई फराळाला आले. मुनीरोद्दीन म्हणजे श्रीनिवासरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. पोलीस ॲक्शनच्या आधी दोघं उर्दू शाळेत एका बाकावर होते, नंतर रेकॉर्ड रूममध्ये एका टेबलावर. चिवड्याची बशी हातात घेऊन ते फोटो बघत उभे राहिले.

"तुमच्या मित्राला दर्याची फार हौस," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तीन वेळा दाखवला, पण मन भरत नाही."

"ये कौनसा दर्या, भाभी?"

"कौनसा म्हणजे? अरबी समुद्र."

"तो फिर समंदर बोलो ना. दर्या कैसा?"

"एकच की ते."

"एक कैसा होगा?" मुनीरभाई हसायला लागले. "दर्या म्हणजे नद्दी, भाभी. हमारे मास्टरसाहब पढाते थे, दर्या-ए-डॅन्यूब. याद है ना, श्रीनिवास? तख्ते पे नाव निकालते थे, नाव को खिडकी, खिडकी को पर्दा. बोलते थे, इसमें बैठो तो दोनों किनारे साथ-साथ चलते हैं."

श्रीनिवासराव बशीतले शेंगदाणे बोटांनी चाचपून वेगळे काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पण हे नदीला नदीच म्हणतात," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"अपनी खाम तो नद्दीच है. गोदावरी म्हणजे गंगा. और किताब में जो आए, सो दर्या. पाचवीतल्या पोराचं असंच असतं." मुनीरभाई आता रंगात आले. "और फिर इस्कूल मराठी हो गया ना. नया मास्टर आया. पूछा, बाळ, कोणता विषय आवडतो? इनों खडे हो के बोले, जुगराफिया. पूरी क्लास हसी. मास्टर बोले, जुगराफिया तिकडं हैदराबादला, इथं भूगोल. बेंच पे खडा करके भूगोल-भूगोल बुलवाए, घंटी होने तक. उस दिन से इनों चुप." त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला. "किस्मत देखो, घर में भी मास्टरनीच मिली."

आजवर या थट्टेला सरोजिनीबाई हसत आल्या होत्या. या वेळी त्या चहा टाकायच्या निमित्तानं आत गेल्या आणि पातेल्यात पाणी न घालताच गॅस पेटवून उभ्या राहिल्या.

मुनीरभाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "मला बोलला का नाहीत?"

"तू तिकिटं काढली होतीस."

"आणि अलिबागला? गणपतीपुळ्याला?"

"तुला आवडलं होतं की." मग म्हणाले, "बोटीवर बोलायला गेलो होतो मी. काठ म्हटलं, तर तू किनारा म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई डॉक्टरांकडे एकट्याच गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जायचं तर येत्या उन्हाळ्यात जा. पुढच्या उन्हाळ्याचं मी सांगत नाही.

त्यांनी पुण्याच्या एका प्रवास कंपनीकडून पत्रकं मागवली. डॅन्यूबवरून, जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत, सात रात्री, मे महिना. टेबलावर नकाशा पसरला गेला. रोज चारच्या चहानंतर श्रीनिवासराव खुर्ची ओढून बसत आणि डोळे मिटून एकेक गाव सांगत. बाई वहीत लिहीत. साठ वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तरी एकही गाव निसटलं नव्हतं.

"मग व्हिएन्ना," बाई म्हणाल्या.

"वियाना."

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि वियाना लिहिलं.

शेजारच्या द्वारकाबाई वाटीभर साखर मागायला आल्या नि नकाशा बघून उभ्याच राहिल्या. त्यांचं माहेर गंगापूरकडचं.

"येवढ्या लांब जाऊन नदीच बघायची व्हय? आमच्या गंगापूरला या की. फुकट दाखविते."

"पाणी असेल तेव्हा कळवा," श्रीनिवासराव म्हणाले.

द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं बया. काका बोलत्यात की."

खरंच ते बोलत होते. विमानतळ मुंबईचा की चिकलठाण्याहून आधी मुंबईला उडायचं, शाकाहारी जेवणाचं काय, व्हिसाच्या फोटोत चष्मा चालतो का, सगळ्यात त्यांना मत होतं. एके दिवशी बोटीचा आराखडा बघताना त्यांनी विचारलं, "कुठल्या काठाची खोली?"

हा प्रश्न सरोजिनीबाईंना सुचलाच नव्हता. खोलीला एकच खिडकी, म्हणजे एकच काठ. त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, बोटीला वर गच्ची आहे, खुर्च्या असतात, तिथून दोन्हीकडचं दिसतं.

"मग झालं," श्रीनिवासराव म्हणाले. "दोन्ही काठ एकदम दिसले पाहिजेत. एकेक तर काय, रस्त्यावरूनही दिसतो."

त्या सगळ्या हौसेत हे एवढंच खरं मागणं होतं. मार्चमध्ये डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली. नजर मोजल्याच्या कागदावर पांढरा भाग असतो तेवढं दिसतं आणि काळा असतो तेवढं दिसत नाही. सरोजिनीबाईंनी कागद हातात घेतला, काळा किती वाढलाय ते बघितलं, आणि घडी घालून पासपोर्टच्या पिशवीत सगळ्यांत खाली ठेवला.

"कसा आहे?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"आहे तसाच," त्या म्हणाल्या.

पासाऊच्या धक्क्यावरची बोट लांबट, पांढरी आणि बुटकी होती. खोलीत शिरल्या शिरल्या श्रीनिवासरावांनी भिंत चाचपत खिडकी शोधली, आणि खिडकीवरून हात फिरवत पडदा शोधला. जाड, मऊ कापड होतं. ते मुठीत धरून ते जरा वेळ तसेच उभे राहिले.

पहिले दोन दिवस मजेत गेले. पाणी हेलकावत नव्हतं, पोटात कालवत नव्हतं. काचेचे पेले टेबलावरून तसूभर हलत नव्हते. जेवण वाढणारी मुलगी दोघांना वेगळं बटाट्याचं सूप आणून द्यायची आणि श्रीनिवासराव तिला दर वेळी "शुक्रिया" म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून तीही म्हणायला लागली. वाटेत धरणाशी बोट दगडी भिंतींच्या मध्ये उभी राहायची, मागचं दार बंद व्हायचं, पाणी काढून घ्यायचे आणि सगळी बोट हळूहळू खाली उतरायची. ओल्या भिंती हातभर अंतरावर. श्रीनिवासरावांनी हात लांब करून शेवाळाला बोट लावलं आणि मोठ्यानं हसले. "ही तर बारव आहे सरोज. आपण बोट घेऊन बारवेत उतरलो."

मौज, मजेदार, गजब, खुशी, सगळे जुने शब्द कुठून कुठून बाहेर येत होते. सरोजिनीबाई एकालाही हात लावत नव्हत्या. गच्चीवर मात्र वारा आहे, ऊन आहे, अशी निमित्तं काढून त्यांनी दोन दिवस जाणं टाळलं. त्या कागदाची त्यांना आठवण होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट डोंगरांच्या मधून जाणार होती. नदीचा सगळ्यांत सुंदर भाग, असं आदल्या संध्याकाळी सांगितलं गेलं होतं. आता निमित्त उरलं नाही. नाश्ता झाल्यावर त्यांनी श्रीनिवासरावांना हात धरून वर नेलं आणि पार पुढच्या टोकाला, मधोमध, दोन खुर्च्या लावल्या.

पाणी हिरवट गढूळ होतं, आणि पात्र फार रुंद नव्हतं. सरोजिनीबाईंना मान न वळवता दोन्ही काठ दिसत होते.

"डावीकडे द्राक्षाचे मळे आहेत," त्या सांगू लागल्या. "डोंगराला पायऱ्या पाडल्यात, वरपर्यंत. खाली चर्चचा मनोरा आहे, निळा. उजवीकडे झाडं, फळबाग असावी. एक बाई पांढऱ्या चादरी वाळत घालतेय."

श्रीनिवासरावांनी मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. काठावर मैलाच्या दगडासारखी आकड्यांची पाटी आली आणि मागं गेली.

"दिसलं?" बाईंनी विचारलं.

"दिसलं," ते म्हणाले. "छान आहे."

अलिबागला घोटाभर पाण्यात हेच म्हणाले होते. गणपतीपुळ्याला हेच. लक्षद्वीपच्या बोटीवर हेच. सरोजिनीबाईंना वाटलं, हे घ्यावं आणि गप्प बसावं. इतकी वर्षं तेच केलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "दोन्ही दिसले?"

श्रीनिवासराव कठड्याकडे तोंड करून बसून होते. दुसरी पाटी येऊन गेली.

"नाही," ते म्हणाले.

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी बाईंना दिलेला हा पहिला नकार असावा.

"डावीकडे बघितलं की काहीतरी हिरवं येतं. उजवीकडे वळेपर्यंत ते जातं. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड आहे." त्यांनी अंगठा आणि तर्जनीचं कडं केलं. "समोर एवढंसं पाणी दिसतं. ते छान आहे. खरंच."

"लक्षद्वीपच्या वेळी दिसलं असतं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले. "तेव्हा दिसलं असतं."

यापुढं सुधारायला काही नव्हतं. वाऱ्यानं बाईंचा पदर उडाला, तो त्यांनी मुठीत धरला. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फोटो काढत होतं.

"चालतात का?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"काय?"

"मास्टरसाहेब म्हणायचे तसे. बरोबरीनं चालतात का?"

सरोजिनीबाईंनी बघितलं. मळे चालले होते, मनोरा चालला होता, पलीकडे चादरी घेऊन ती बाग चालली होती. डोळे भरल्यामुळं त्यांनाही आता नीट दिसत नव्हतं.

"चालतायत," त्या म्हणाल्या. "दोन्ही किनारे."

"नदीला काठ असतो, सरोज," श्रीनिवासराव हळूच म्हणाले. "किनारा समुद्राला."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"मला मालूम नव्हतं," त्या म्हणाल्या.