उरलेला फराळ

चाळिशी ओलांडली त्या वर्षी ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मला वजन कमी करा, बीपी वाढतंय, असं बजावलं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. आमची दिवाळी पिंपळगाव रेणुकाईला, थोरल्या जावेच्या घरी. आम्ही जालन्याहून, धाकटे दीर आणि जाऊ संभाजीनगरहून, पोरंबाळं धरून दहा जण चार दिवस तिथं असायचो. सासूबाई गेल्यापासून सगळा फराळ थोरल्या जाऊबाई एकट्याच करायच्या. मी त्यांना ताई म्हणते.

मी फोन करून सांगितलं की यंदा थोडंच करा, मला गोड आणि तळलेलं बंद आहे. त्या बरं म्हणाल्या आणि दरवर्षीएवढंच केलं.

मी मात्र ठरवल्याप्रमाणे वागले. सकाळी उठून भोकरदनच्या रस्त्यानं तासभर चालून यायचे. फराळाच्या ताटलीतली एक चकली, चिमूटभर चिवडा, करंजीचा कोपरा एवढंच खायचे. माझं बघून धाकट्या जावेनंही तेच सुरू केलं. पुरुषांनाही आपापल्या पोटांची आठवण झाली. ताटल्या अर्ध्या भरलेल्याच आत जायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ताई ओट्यापाशी उभ्या राहून माझी उरलेली करंजी खात होत्या. समोर आणखी चार ताटल्या होत्या. मला बघून त्या ओशाळल्या.

"टाकवत न्हाई गं," एवढंच म्हणाल्या.

मी हसले, पाणी प्यायले आणि बाहेर आले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. कुणाचं मन दुखावलं नाही, अन्न वाया गेलं नाही आणि मला खावं लागलं नाही.

निघताना त्यांनी डबे भरून ठेवले होते. मी नको म्हटलं, धाकटीनंही नको म्हटलं. डबे तिथंच राहिले. जालन्याला पोचल्यावर मी काट्यावर उभी राहिले. वजन जराही वाढलं नव्हतं. तो आनंद सांगायला मी ताईंनाच फोन केला. बरं झालं, म्हणाल्या.

असं तीन वर्षं चाललं. ते डबे पुढं कधी संपतात, हे मी कधी विचारलं नाही. एकदा संक्रांतीच्या आसपास कामासाठी भोकरदनला गेले होते, तेव्हा तासभर पिंपळगावला ताईंकडे जाऊन आले. ताई चहाबरोबर बेसनाचा लाडू खात होत्या. लाडवाला खवट वास येत होता. थोरले दीर कौतुकानं म्हणाले, दिवाळीपासून हिची न्याहारी तीच आहे. मीही मान हलवली.

चौथ्या दिवाळीला गेलो तेव्हा ताई चांगल्याच वाळल्या होत्या. धाकटीनं त्यांना विचारलं, ताई, काय केलंत हो, आम्हालाही सांगा. मीही म्हणाले की तुम्ही तर आमच्या पुढं गेलात. त्या नुसत्या हसल्या. दर अर्ध्या तासाला उठून तांब्यानं पाणी पीत होत्या. आम्ही ते बघत होतो, पण कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी चकल्या तळताना त्यांचा हात कढईच्या कडेला टेकला. मी बर्फ आणून लावला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डाव्या डोळ्यापुढं काळे धागे फिरून राह्यलेत. आठ दिवस झाले. सणाचं कशाला सांगायचं म्हणलं."

भाऊबीज होताच मी त्यांना जालन्याला आणलं. रक्त तपासल्यावर साखर इतकी निघाली की लॅबमधल्या माणसानं दुसऱ्यांदा सुई टोचली. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्यावर रक्त उतरलंय आणि साखर कित्येक वर्षांची असणार. ताईंच्या आईलाही ती होती, हे तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोडानं हे होत नाही, पण गोडानं भर पडली. मग त्यांनी सकाळी काय खाता म्हणून विचारलं. ताईंनी सांगितलं, लाडू, शंकरपाळे, जे उरलं असेल ते. संपवावंच लागतं ना.

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. मला राहवलं नाही.

"ताई, आमचं उष्टं तुम्ही खात होता. मला दिसत होतं."

"तू म्हणली असतीस तर मी ऐकलं असतं व्हय?"

"पण म्हणायला तर पाहिजे होतं."

त्या समजूत घालतील, असं वाटत होतं. घरात सगळ्यांची समजूत त्याच घालायच्या.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणायला पाहिजे होतं, बाई."

डावा डोळा परत आला नाही. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन असतं. त्यासाठी मीच त्यांना आणते आणि नेऊन सोडते. गेल्या दिवाळीला फराळ मी जालन्याहून थोडासा करून नेला. ताई ओसरीवर बसून होत्या. आल्यागेल्याच्या हातात ताटली आली की त्या विचारायच्या, पुरलं का सगळ्यांना? पुरलं, असं मी सांगायचे. धाकटे दीर या खेपेला दोनच दिवस राहिले.

परवाच्या इंजेक्शनानंतर डॉक्टर म्हणाले की उजव्यात आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. परतताना भोकरदनहून जीप मिळाली आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती. मी त्यांना तिकडं सरका म्हटलं.

"मला काय दिसायचंय," त्या म्हणाल्या. "तूच बस."

मी बसले.