पेंढा, डोळा आणि काकूंची जीभ

“बुरशी आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझ्या डोळ्यातून खरवडलेला कण काचपट्टीवर ठेवून त्या मायक्रोस्कोपमधून बघत होत्या. “फंगल केरॅटायटिस.”

बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्या पडद्यात बुरशी वाढली की त्याचं नाव फंगल केरॅटायटिस. मला आधी हसूच आलं. डोळ्याला बुरा यायला तो काय शिळी भाकरी आहे? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला ॲडमिट करून घेतलं.

मी एसटीचा ड्रायव्हर, भोर डेपोचा, वेल्ह्याकडच्या गाड्यांवर. उजवा डोळा गेला तर स्टिअरिंग गेलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

झालं होतं असं. सुट्टी टाकून मी पालीला घरी गेलो होतो, भात झोडायला. पेंढी आपटली आणि कुसळ डोळ्यात घुसलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी डॉक्टरकडे जात नाही, गजराकाकूंकडे जातं. त्या माझ्या चुलती. दोन बोटांनी पापण्या फाकवतात आणि जिभेच्या टोकानं कुसळ काढतात. वाचणाऱ्याला किळस येईल, पण आमच्या गावात अशी माणसं कमीच, ज्यांचा डोळा काकूंनी साफ केला नाही. माझंही कुसळ त्यांनी काढलं, नखावर घेऊन दाखवलं. “हे बग, केवडुसं हाय,” म्हणाल्या, चूळ भरली आणि परत सूप हातात घेतलं.

डोळ्याला लगेच आराम पडला. तिसऱ्या दिवशी तो लाल झाला. मी ड्युटीवर हजर झालो होतो, रजा शिल्लक नव्हती. मागे डोळे आले तेव्हा जे थेंब वापरले होते, तेच नाव सांगून मेडिकलमधून मागून घेतले. दुकानदाराचा दोष नाही, मीच हट्ट धरला. दोन दिवस डोळा इतका छान वाटला की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. असे चार दिवस मी गाडी चालवली. चौथ्या दिवशी आरशात बघताना बुबुळावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. समोरच्या गाडीचे दिवे पिंजल्यासारखे दिसायला लागले. मग मी पुणं गाठलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “डोळ्यात काय काय घातलं?”

मी काकूंच्या जिभेचं सांगितलं. थेंबांचं सांगितलं नाही. दुखऱ्या डोळ्यानं, पॅसेंजर भरून, घाटातून चार दिवस गाडी हाकली हे कागदावर आलं तर डेपोत काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मॅडमनी ‘जीभ’ असं लिहून घेतलं.

औषधाचं नाव नॅटामायसिन. ताकासारखं पांढरं, दाट. दर तासाला एक थेंब. डोळ्यात वाळू ओतल्यासारखं वाटायचं. मॅडम रोज टॉर्च मारून ठिपका मोजायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. वॉर्डात बहुतेक शेतकरीच होते. कुणाला उसाचं पातं लागलेलं, कुणाला गाईची शेपटी. आम्ही सगळे एका डोळ्यानं एकमेकांकडे बघत पडलेलो असायचो.

माझी बायको एक दिवसाआड डबा घेऊन यायची. एकदा म्हणाली, “अवं, शेजारची सुमन समद्यांना सांगत फिरतीया, काकूच्या तोंडातली घाण तुमच्या डोळ्यात गेली म्हून. आता काकूकडं कुनी येत न्हाई. त्या बी घरातनं भाईर पडत न्हाईत.”

मी भात कालवत राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली, पण थेंबांचं मी बायकोलाही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी बायकोबरोबर स्वतः काकूच आल्या. पुण्याला पहिल्यांदाच. काखेत फडक्यात बांधलेला पेंढा होता. मॅडम माझा डोळा बघत होत्या, त्यांच्यासमोर जाऊन काकूंनी आ वासला.

“बगा बाई. काय हाय ते माज्या त्वांडात बगा. आन् ह्यो आमच्या खळ्यावरचा पेंढा. कुसळ ह्यातलंच हाय, तवा ह्यो बी बगा. नुसतं माज्यावर ढकलू नगा.”

मॅडमनी टॉर्च बंद केला. मग म्हणाल्या, “आजी, हे आम्हालाच सुचायला हवं होतं.” त्यांनी कापसाच्या काडीनं काकूंच्या जिभेवरून पुसून घेतलं आणि पेंढा पिशवीत भरला. त्यांच्या ओळखीचे एक संशोधक बुरशीच्या डीएनएवर काम करत होते. डीएनए म्हणजे कुठल्याही जिवाच्या आत लिहिलेली त्याची कुळकथा. ती अक्षर अक्षर जुळवून पाहिली की कोण कुणाचं, हे कळतं.

अकराव्या दिवशी मला घरी सोडलं. ठिपका वाढायचा थांबला होता, पण त्याच्या जागी डाग राहणार होता. रिपोर्ट बऱ्याच आठवड्यांनी आला.

“तुमच्या डोळ्यातली बुरशी फ्युजेरियम,” मॅडम म्हणाल्या. “पेंढ्यावर सापडली तीसुद्धा तीच. जेवढी जनुकं तपासली तेवढी जुळली. आजींच्या तोंडात निघाली ती वेगळीच, कॅन्डिडा. ती कितीतरी माणसांच्या तोंडात गुमान राहते. तिचा ह्याच्याशी संबंध नाही.”

मी विचारलं, पेंढ्यातल्या बुरशीला माझ्या डोळ्याशी काय देणंघेणं?

“काही नाही. तिला तुमचा डोळा माहीतही नव्हता. ती पिढ्यान् पिढ्या मातीत आणि काडात जगत आलीय. तिथे शेजारचे जंतू तिच्यावर विष सोडतात, भाताचं रोपही सोडतं. ज्या बुरशीला ते विष पचवता आलं, बाहेर टाकता आलं, तिचाच वंश पुढे चालला. तशी जनुकं तिच्याकडे आहेत. म्हणून आमची बरीच औषधं तिला लागू पडत नाहीत. जे ती काडात शिकली ते तुमच्या डोळ्यात कामाला आलं.”

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “एक कोडं मात्र सुटत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत ती इतकी आत गेली कशी? स्टेरॉइडचे थेंब घातले होते का?”

स्टेरॉइड सूज उतरवतं, पण शरीराचा पहाराही झोपवतं. मी मेडिकलमधून आणलेले थेंब तेच होते, म्हणूनच मला दोन दिवस बरं वाटलं होतं.

“घातले होते,” मी म्हणालो.

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी हेच औषध दिलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण त्या आजींना एवढं सोसावं लागलं नसतं.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेपोनं मला स्टँडवरच्या कंट्रोलला बसवलं. आता मी माईकवरून गाड्या पुकारतो. उजव्या डोळ्यानं माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. याची सवय झाली. काकूंना मात्र मी पुढच्या झोडणीपर्यंत तोंड दाखवलं नाही.

त्या खळ्यावर पाखडत होत्या. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, “काकू, रिपोर्ट आलाय. तुमच्यामुळं काई झालं नव्हतं.”

“ते मला ठावं हाय,” सुपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “मला कशापाई सांगतूस? हितं समद्यांना सांग.”

स्टँडवर माझा आवाज रोज हजारभर लोक ऐकतात, पण तिथं कुणी माझ्याकडे बघत नाही. खळ्यावर दहा-बारा माणसं पेंढ्या हातात धरून बघत होती, त्यांत सुमनही होती. मी सांगितलं. बुरशी आपल्या पेंढ्यातली होती. चुकीचे थेंब मी घातले. ते मी लपवलं, नोकरीच्या भीतीनं, आणि काकूंवर आळ येऊ दिला. एकानं हातातली पेंढी आपटली. मग बाकीच्यांच्याही पेंढ्या पुन्हा आपटायला लागल्या.

काकू उठल्या. “जिबेचं आता बंद,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “त्वांडात दुसरं लई काय काय असतंय, त्या डाक्टरबाईनं मला बजावलंय. पर डोळ्यात काय गेलं तर आदी माज्याकडंच यायचं. म्या पान्यानं धुईन आन् दुखायचं ऱ्हायलं न्हाई तर एसटीत बसवून देईन.” मग माझ्याकडे वळून, “आन् डाक्टरनं इचारलं तर खरं सांगायचं.”

तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यात कधी कुसळ गेलं तर यापेक्षा वेगळं मला काही सांगायचं नाही.

त्याच दुपारी सुमनच्या डोळ्यात तूस गेलं. ती पदरानं डोळा दाबून जराशी घुटमळली आणि मग काकूंच्या पुढ्यात जाऊन बसली. काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी फाकवली आणि माझ्याकडे हात केला. मी पाण्याचा तांब्या धरला.