आईने सोडलेली मासळी

“रोज म्हावरं इकते, नि सोताच्या ताटात बटाटं. पोरगी जायाची हाय का न्हाय कंदी?”

शेजारची जनामावशी मागच्या सामाईक अंगणात जवळा वाळायला पसरता पसरता दुसऱ्या शेजारणीला म्हणाली. हसतच म्हणाली. मी आत, खिडकीपाशी होते. पोरगी म्हणजे मी — आणि बटाटे खाणारी माझी आई.

हे मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीलासुद्धा नाही. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का — ठाऊक नाही.

आई मुरुडच्या बाजारात मासळी विकते. त्यावरच तिने मला इंग्रजी शाळेत घातलं. मी नवी मुंबईत, मासळी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं आहे. आता कंटेनर माझ्या सहीने सुटतात. मागच्या वर्षी वाटलं, परदेशात जाऊन एमबीए करावं. पस्तिशी जवळ आली होती, पण नोकरीत मुरलेल्या माणसांसाठीही असे कोर्स असतात. परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, साहेबांनी शिफारस केली. आईला फोनवर सांगितलं. सहज सांगितलं — म्हणजे मला तसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती एसटीने पालीला गेली आणि बल्लाळेश्वरापुढे बोलून आली — लेकीचं तिकडे नाव लागेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. माझी आई! सगळी सुरमई विकली तरी एखादं डोकं स्वतःसाठी बाजूला ठेवणारी बाई.

आणि मी काय केलं?

अर्ज जवळजवळ भरून झाला होता. एकच प्रश्न उरला होता — इतकी वर्षं नोकरी केल्यावर आत्ताच का शिकायचंय? मी उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. सगळी उत्तरं छान होती. त्यातलं माझं एकही नव्हतं. मुदत संपायची त्या दुपारी लॅपटॉप उघडून बसले. मग उठून चहा केला. कपडे वाळत घातले. मुदत गेली.

घाबरले होते का? नाव लागणार नाही म्हणून — की लागेल म्हणून? मला जायचंच नव्हतं का? मग परीक्षा कशाला दिली? आजही कळत नाही. एवढंच कळतं की नवस मला माहीत होता. माहीत असताना मी कपडे वाळत घालत होते.

आईला म्हटलं, निकाल यायचाय. पुढे म्हटलं, वेटिंग लिस्टवर आहे. वेटिंग तिला कळतं. ती खूश झाली. म्हणाली, म्हणजे दारापर्यंत तरी पोचलीस. शिमगा गेला, नारळी पुनव गेली. घरादाराला तिने तळून, शिजवून वाढलं आणि स्वतः डाळभात घेऊन बसली.

कालवण अजून तीच करते. चाखायचं नाही, म्हणून मी घरी असले की पळीतला थेंब माझ्या तळहातावर सोडते — मीठ बघ म्हणते. मी बघते. बरोबर आहे म्हणते. खोटं एकदाच बोलले, असं मला म्हणता येत नाही. सुट्टीला घरी गेले की दर वेळी मी तो तळहात पुढे केलाय.

जनामावशीचं बोलणं त्या दिवशी आईनेही ऐकलं असणार. स्वयंपाकघराला तेच अंगण. ओल्या बोंबलांचं कालवण उकळत होतं. थोड्या वेळाने आई पळी घेऊन माझ्यापाशी आली, खाली दुसरा हात धरून, थेंब सांडू नये म्हणून.

“मीठ बघ गं, बाय.”

माझा हात सवयीने उचलला गेला. मी तो खाली घेतला.

“तूच बघ, आई,” मी म्हणाले. “मी अर्ज पाठवलाच नव्हता.”