वहीतलं आमचं आडनाव

शेजारचे आजोबा हल्ली मला 'मेट' म्हणतात. ऑस्ट्रेलियात कुणीही कुणालाही मेट म्हणतं. बसचा ड्रायव्हर म्हणतो, आपल्या पुढ्यात गाडी घुसवणाराही म्हणतो, त्यामुळे त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं बायकोचं मत. पण त्याआधी वर्षभर ते मला 'मेलिक' म्हणायचे. मेलिक म्हणजे त्यांच्या आर्मेनियन भाषेत मुलखाचा सरदार, छोटा राजाच. ती पदवी मी खोटं बोलून मिळवली होती, आणि गेली ती माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत गेली.

आम्ही सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडे हे आजोबा एकटेच राहत होते. बायको वारलेली, मुलगा पर्थला. अंगणात अंजिराचं झाड आणि द्राक्षाचा वेल. वेलाची कोवळी पानं ते भात भरून शिजवायचे आणि डबा कुंपणावरून आमच्याकडे द्यायचे. बस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस. हात आता थरथरायचे, पण अक्षर अजून सुबक होतं. त्या अक्षरात त्यांनी एक जाडजूड निळी वही भरत आणली होती. तिच्यात फक्त आडनावं होती.

त्यांच्या चर्चमधली माणसं आपापली आडनावं घेऊन त्यांच्याकडे यायची आणि हे अर्थ सांगायचे. आर्मेनियन आडनावाच्या शेवटी बहुधा 'यान' असतं, म्हणजे अमक्याच्या घरचे. त्याच्या आधी काय आहे ते बघायचं. नज्जार असेल तर घराणं सुताराचं, दरबिन असेल तर लोहाराचं. टोपाल म्हणजे लंगडा. कुठल्या तरी पिढीत कुणी तरी लंगडत चालत होता आणि त्याची नातवंडं-पतवंडं आज सिडनीत धडधाकट पायांनी ते नाव मिरवतायत. सुरुवातीला 'देर' लागलं तर पूर्वज चर्चचे पुजारी. बरेचसे शब्द तुर्की, कारण राज्य तुर्कांचं होतं. आजोबांच्या घरच्यांना त्याच राज्यातून हाकलून दिलं होतं. तरी त्यांनी आपल्या आडनावातला तुर्की शब्द टाकला नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "घर राहिलं तिकडे, चर्च राहिलं तिकडे. बरोबर आलं ते एवढंच. टाकून कसं देऊ?"

आपल्यातही आडनावं विचारतात, पण अर्थासाठी नाही. हे मी मराठी वाचकाला काय सांगावं! नवीन मराठी माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला आडनाव. त्यावरून जमलं नाही तर "मूळचे कुठले?" त्यावरूनही नाही जमलं तर कुलदैवत कुठलं, लग्न कुठल्या पद्धतीनं झालं. इतकं सगळं अगदी हसत, हातात समोशाची प्लेट धरून. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. माझ्या सख्ख्या आजोबांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहून टाकलं, तेच पुढे चिकटलं. त्यावरून फक्त गाव कळतं. पुण्यात कॉलेजला गेल्यापासून आजपर्यंत या तीन अक्षरी गावाच्या आड मी सुखानं लपलो आहे. आम्ही न्हावी. आबांनी तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं सलून चालवलं आणि त्या खुर्चीवर मला इंजिनियर केलं. हे वाक्य मी इथे किती सहज लिहिलं! तोंडानं मला ते कधीही म्हणता आलेलं नाही.

खोटं बोललो तो दिवस रविवार होता. माझा पुण्याचा एक मित्र राजधानीकडच्या गुंगालिनहून आला होता. सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर असतो, माणूस चांगला आहे. अंगणात कबाब भाजणं चाललं होतं, कुंपणापलीकडून आजोबा वही घेऊन आले आणि विषय निघाला. आधी त्यांनी स्वतःच्या आडनावाचा अर्थ सांगितला. "न्हाव्याच्या घरचे," ते म्हणाले. "बार्बर! माझ्या आजोबांनी निर्वासितांच्या छावणीत लोकांच्या दाढ्या करून चार भावंडं जगवली." आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली.

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. अशी संधी माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते? मला एवढंच म्हणायचं होतं, आम्हीपण.

मित्रानं त्याच्या आडनावाचा अर्थ रंगवून सांगितला, पूर्वज दरबारात पत्रं लिहायचे वगैरे. आजोबांनी तो लिहून घेतला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मित्रानंही बघितलं. आम्ही नक्की कोण, याचा तो सात वर्षं अंदाज घेत होता. "हां, तुमचं आडनावावरून कळत नाही रे," तो म्हणाला.

"गावावरून पडलंय," मी म्हणालो. "आम्ही त्या गावचे पाटील. हेडमन." अगदी सराईतासारखं. बायकोनं मान खाली घालून सॅलडमधला कांदा वेचायला घेतला. मित्राचा चेहरा निवळला, खरंच निवळला, हे मला अजून दिसतं. आणि आजोबा म्हणाले, "म्हणजे तू आमचा मेलिक!" वहीत त्यांनी माझं आडनाव लिहिलं, पुढे 'गावचा प्रमुख' असं लिहून खाली रेघ ओढली.

दोष मित्रावर ढकलायला मला आवडलं असतं. पण खरं सांगितलं असतं तर तो काय करणार होता? फार तर "अच्छा" म्हणून कबाब उलटला असता. त्या एका 'अच्छा'ला मी घाबरलो. त्यानंतर रोज सकाळी स्टेशनला निघालो की कुंपणावरून हाक यायची, "गुड मॉर्निंग, मेलिक!" मी हात हलवायचो. हळूहळू सवय झाली, एवढंच नाही, आवडायलाही लागलं. हे सगळ्यात वाईट.

जुलैमध्ये आबा आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. सूटकेसमध्ये दोन सदरे कमी आणि कात्री, वस्तरा, ब्रश मात्र नीट पंचात गुंडाळलेले. दुसऱ्याच दिवशी माझे केस वाढलेत म्हणून त्यांनी परसात खुर्ची मांडली. मी ती उचलून गॅरेजमध्ये नेली. "बाहेर ऊन लागेल," मी म्हणालो. सिडनीतला जुलै, कडाक्याची थंडी, लोक उन्हाचा तुकडा शोधत फिरतायत. आबा कात्री-कंगवा उचलून मागोमाग आले. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली त्यांनी माझे केस कापले.

शनिवारी आजोबांनी बोलावणं धाडलं, मेलिकच्या वडिलांना कॉफीला घेऊन ये. मी दोन शनिवार टाळलं. तिसऱ्याला आबाच कुंपणाशी जाऊन हात जोडून उभे राहिले, मग जावंच लागलं. अंजिराच्या झाडाखाली तीन खुर्च्या, चिमुकल्या कपांत काळी कॉफी, आणि टेबलावर ती निळी वही. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी जेमतेम. मधे मी.

"विचार त्यांना," आजोबा म्हणाले, "पूर्वी घराण्याचं गावात काय काम असायचं?"

मी आबांना म्हणालो, "ते विचारतायत, गाव कसं होतं आपलं."

पण आबांनी गावाबरोबर कामही सांगितलं. त्यांना कुणी तरी इतक्या आस्थेनं विचारत होतं, ते खुलले. त्यांचे वडील धोकटी काखेला मारून पहाटे निघायचे, धोकटी म्हणजे वस्तरा-कात्रीची चामडी पिशवी, आणि घरोघरी जाऊन हजामती करायचे. पैसे नाहीत. सुगी झाली की खळ्यावर जायचं, प्रत्येक घर बलुतं म्हणून धान्याचा वाटा द्यायचं. मी म्हणालो, "सुगीला गावातलं प्रत्येक घर आम्हाला धान्य आणून द्यायचं, असं ते म्हणतायत."

"अर्थातच," आजोबांनी मान डोलावली. "मेलिक!"

आबा माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं सलूनमध्ये काढलेल्या माणसाला इंग्रजी येत नसेल, पण बार्बर हा शब्द येतो. दुकानाच्या पाटीवर तो होता. इतकं मोठं वाक्य झालं आणि त्यात तो आला नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. रागावल्यासारखं अजिबात नाही, गिऱ्हाईक चुकीच्या बाजूला मान वळवतं तेव्हा थांबतात तसे ते थांबले. मी पुढचं काही बोलेन म्हणून ते वाट बघत होते. मी अंजिराच्या झाडाकडे बघत बसलो.

मग त्यांनी हात पुढे केला आणि आजोबांची हनुवटी दोन बोटांनी धरून हलकेच वर केली. थरथरत्या हातानं केलेली दाढी. हनुवटीखाली खुंट राहिलेले, एक जुनी कापल्याची खूण. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "आय बार्बर," ते म्हणाले. "माय फादर बार्बर. हिज फादर बार्बर."

आजोबा हनुवटी त्यांच्या हातात ठेवून तसेच बसले. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांनी आपलं आडनाव उच्चारलं, मोठ्यानं, दोनदा, आणि दोन्ही हातांनी कात्री चालवून दाखवली. आबांना दुभाष्याची गरज पडली नाही. दोघं म्हातारे हसायला लागले, आजोबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी तिथे कशासाठी बसलोय हे कुणालाच आठवेना.

"सामान आण," आबा मला म्हणाले. मी पंचा, वस्तरा, ब्रश, गरम पाण्याचं भांडं घेऊन आलो. उन्हात, भर अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी आबांनी त्यांची दाढी केली. मी भांडं धरून उभा होतो. समोरच्या घरातलं मराठी जोडपं गाडीत बसताना बघून गेलं. मला त्याही वेळी, शपथेवर सांगतो, त्याही वेळी पहिल्यांदा तेच दिसलं.

दाढी झाल्यावर आजोबांनी गालावरून हात फिरवला, आबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि वही उघडली. माझं आडनाव शोधलं, त्यापुढचे शब्द खोडले आणि तिथे नवीन शब्द लिहिला, त्यांच्या स्वतःच्या आडनावापुढे होता तोच. मी "सॉरी" म्हणालो. कशाबद्दल हे दोघांनाही ठाऊक होतं. "नो वरीज, मेट," ते म्हणाले आणि वही मिटली.

घरी आल्यावर आबांनी वस्तरा पुसला, ब्रश झटकून खिडकीत वाळत ठेवला. मागे उभा राहून मी त्यांना सांगून टाकलं, आपण गावचे पाटील असं मी इथे सांगितलं होतं. ते रागावतील तर बरं होईल असं वाटत होतं. त्यांनी पंचाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तू मला आधी सांगायचं होतंस रं," ते म्हणाले. "तुला इथं राहायचंय. मीबी पाटीलच म्हणून सांगितलं असतं."